दया नव्हे, न्याय! : जॉन स्टुअर्ट मिल

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी एका इंग्रज तत्त्वज्ञाचा इशारा सर्वांना ऐकविला. माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये, असा तो इशारा. तो देणारे जॉन स्टुअर्ट मिल कोण होते, हे आपल्या मुलामुलींना ठाऊक असले पाहिजे.

मिल यांचा जन्म १८०६ साली लंडनमध्ये झाला. वडिलांनी त्यांना शाळेत न घालता घरीच शिकविले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन! या शिक्षणात भावनेला जागा नव्हती. विसाव्या वर्षी त्यांचे मन पार खचले. काव्याच्या वाचनाने ते सावरले.

१८५१ साली त्यांनी हॅरिएट टेलर या विदुषीशी विवाह केला. पत्नीवर व तिच्या मालमत्तेवर कायद्याने पतीला मिळणारी सत्ता आपणांस अमान्य आहे, असे त्यांनी लेखी नोंदविले. १८५९ साली 'ऑन लिबर्टी' हा ग्रंथ आला. बहुमतही जुलमी होऊ शकते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले.

पुढे १८६१ साली त्यांनी न्यायाची फोड केली. दया करणे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. न्याय मात्र माणूस हक्काने मागू शकतो आणि त्या हक्काचे रक्षण करणे समाजाचे कर्तव्य असते. १८६७ साली त्यांनी पार्लमेंटात स्त्रियांसाठी मताधिकार मागितला. बाजूने ७३ मते पडली, विरुद्ध १९६. ते खचले नाहीत. जन्मावरून माणसाची जागा ठरविणे अन्यायाचे आहे, हे त्यांनी १८६९ च्या ग्रंथात पुन्हा ठासून मांडले.

पण वाचकहो, एक गोष्ट लपवू नये. हेच मिल १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर होते. हिंदी लोक स्वराज्याला अद्याप लायक नाहीत, असे ते मानीत. जन्माचा भेद नाकारणाऱ्याची न्यायबुद्धी साम्राज्याच्या वेशीवर अडखळली! म्हणून त्यांचा इशारा त्यांनाही लावा. विचार पारखून घ्या, माणसाची पूजा करू नका.

१८७३ साली फ्रान्समधील आव्हीन्यों येथे त्यांचे निधन झाले.

उद्या कोणी तुमच्या मुलाच्या शिष्यवृत्तीला मेहेरबानी म्हटले, तर त्याला दया आणि न्याय यांतला फरक समजावून सांगा. आणि घरी मुलीचे शिक्षण थांबविण्याचा विचार मनात आला, तर तोच फरक स्वतःलाही सांगा. तिचे शिकणे ही बापाची मेहेरबानी नव्हे. तो तिचा हक्क आहे.