दुष्काळातून मुक्तीकडे : पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत केडगाव नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. तिथून जवळच 'मुक्ती' ही संस्था आहे. निराधार बायकांना आणि मुलांना ती शंभराहून जास्त वर्षं आसरा देत आली आहे. ती उभी केली पंडिता रमाबाईंनी. शाळेत आपण त्यांच्याबद्दल किती शिकतो? समाजसुधारक, शारदा सदन, १८८९. संपलं! एका मार्काचं उत्तर. पण मागच्या सुट्टीत मी त्यांचं चरित्र हातात घेतलं आणि ते खाली ठेववेना. मित्रमैत्रिणींनो, या बाईवर एवढी संकटं आली की वाचताना आपलंच मन थकतं. आणि तरीसुद्धा ही बाई आनंदी होती. हे कसं काय? हाच प्रश्न मला पडला, म्हणून हा लेख.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या पश्चिम घाटात गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे म्हणजे संस्कृतचे मोठे पंडित. बाईने संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ. शास्त्रीबुवांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष पत्करला आणि सरळ जंगलात घर बांधून राहिले. पुढे आईने, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, लेकीला शिकवलं. हजारो श्लोक मुलीला तोंडपाठ झाले. घर फार दिवस टिकलं नाही. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरू लागलं.

मग १८७० च्या दशकातला दक्षिणेतला तो भयंकर दुष्काळ आला. होतं नव्हतं ते विकून झालं. भीक मागायची सवय नाही, अंगमेहनतीची तर त्याहून नाही. व्रतं, उपास, नवस सगळं करून झालं. झाडाचा पाला आणि रानातली फळं खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, थोड्याच काळात आई गेली आणि मग मोठी बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला चार माणसं मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंचीने कमी असल्यामुळे तिचा खांदा पोचेना, म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. आपल्यापेक्षाही लहान मुलगी ती!

उरलेली दोघं भावंडं पुढे हजारो मैल पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तर वाळूत खड्डे खणून त्यात निजली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आता चांगले दिवस आले म्हणावं तर १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, नोंदणी पद्धतीचं लग्न. मनोरमा नावाची मुलगी झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. म्हणजे वयाची चोविशी गाठायच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळेच गेलेले. कडेवर दहा महिन्यांची पोर.

अशा वेळी माणूस पहिला प्रश्न कुठला विचारतो? 'माझ्याच वाट्याला का?' मला हा प्रश्न ओळखीचा आहे. माझं गाव श्रीवर्धनजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं आणि दोन-तीन तासांत आमची सुपारीची वाडी आडवी झाली. आजोबांनी लावलेली झाडं होती ती. सुपारी लावली की धरायला सहा-सात वर्षं लागतात. आजोबा दुसऱ्या दिवशी वाडीच्या कडेला बसून एवढंच म्हणत होते, देवाचं आम्ही काय घोडं मारलं होतं? त्यांना उत्तर कुणाकडेच नव्हतं. आईकडे नव्हतं, भटजींकडे नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच.

रमाबाईंनाही ते उत्तर मिळालं नाही. त्यांना काय मिळालं ते बघण्यासारखं आहे.

नवरा गेल्यावर त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. १८८३ मध्ये वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं म्हणून मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत असल्याने डॉक्टर व्हायचं स्वप्न तिथेच संपलं. बरोबर आलेल्या मैत्रिणीने तिथे स्वतःचा जीव घेतला. वँटेजच्या ज्या सिस्टर लोकांकडे त्या राहत होत्या त्यांनी एकदा त्यांना लंडनमधलं एक आश्रयस्थान दाखवलं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथे होत्या, आणि सिस्टर्स त्यांची मायेने सेवा करत होत्या. रमाबाईंना नवल वाटलं. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशूची आणि विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. लोक जिला टाळायचे तिच्याशी तो थांबून बोलला, तिच्याकडे पाणी मागितलं. रमाबाईंच्या मनात ती गोष्ट रुतली. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी गणपती आणि शाळेत क्रूस. दहा वर्षं रोज असेंब्लीत समोर तो क्रूस असायचा आणि मला वाटायचं, यांचा देव एवढा दुःखी का? खिळे ठोकलेला, रक्त येणारा देव बघून कुणाला कसला धीर येणार? रमाबाईंचं वाचताना कुठेतरी ट्यूब पेटली. ज्या मुलीने आईची तिरडी डोक्यावर वाहिली, तिला दुःख ठाऊक असलेला देवच जवळचा वाटणार ना! संकट का आलं याचा हिशोब तो देत नव्हता. पण त्यानेही भोगलंय आणि तो सोबत आहे, हे तिला पुरलं.

अर्थात हे एका दिवसात झालं नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळाला नाही. धर्माचा अभ्यास खूप केला होता, भरवसा टाकायचा राहिला होता. तो टाकला तेव्हा जी शांती आणि जो आनंद मिळाला त्याबद्दल त्यांनी पुढे आपल्या 'साक्षी'त लिहून ठेवलं आहे. एवढे आघात झाल्यावर मिळालेला आनंद तो, म्हणून मला तो खरा वाटतो.

बाहेरून बघितलं तर त्यांचं काही सुरळीत चाललं नव्हतं. अमेरिकेत मदत जमवून त्यांनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. आपल्या कोकणातली गोदूबाई ही तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे तिचं महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. सदन पुण्याला हलवलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. हिंदूंना त्या परक्या झाल्या आणि ख्रिस्ती वरिष्ठांशीही त्यांचं पटत नसे, कारण कुणी सांगितलं म्हणून मान डोलवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आणि मग १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, या वेळी मध्य प्रांतात. इथे मला या चरित्राचा गाभा दिसतो. ज्या गोष्टीने आपलं सगळं घर गिळलं तिच्या जवळ पुन्हा कोण जाईल? रमाबाई गेल्या. त्यांना स्वतःचे जुने दिवस आठवले, तसं त्यांनी लिहिलंही आहे. भुकेने काठीसारख्या झालेल्या सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. आपल्याला तेव्हा कुणी उचललं नाही, म्हणून आपण यांना उचलायचं, इतका साधा तो विचार असावा.

त्यांना ठेवायचं कुठे? केडगावला घेतलेल्या माळरानावर. आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी तर हे बघायलाच हवं! विहिरी खणल्या, शेती आणि गोठा सुरू केला, माग आले, तेलाचा घाणा आला, छापखाना आला. टाइप जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळं बायका करायच्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार माणसं होती. आपल्या होस्टेलमध्ये काहीशे जणांची मेस चालवताना रेक्टर आणि मेसवाले काकांचे काय हाल होतात ते आठवा, आणि मग या आकड्याकडे बघा.

सगळ्यात मोठा घाव शेवटी बसला. मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती, आईचा उजवा हात झाली होती, मुक्तीचा कारभार तिच्याच हाती जायचा होता. १९२१ च्या जुलैमध्ये ती गेली, अवघ्या चाळिशीत. रमाबाईंचं रक्ताचं असं शेवटचं माणूस. आता तरी ही बाई देवावर रुसली असेल असं मला वाटलं होतं. पण त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचं काम त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी हाती घेतलं होतं. ते तडीस नेलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी केडगावातच डोळे मिटले. त्यांच्या मुलींनी ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं.

रमाबाईंचा देव प्रत्येकाने मानावा असं मी म्हणत नाही, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण दुःख संपल्यावर आनंदी होऊ, असं म्हणत त्या थांबल्या नाहीत, एवढं मात्र आपण सगळे घेऊ शकतो. आमच्या आजोबांनीही शेवटी त्या पावसाळ्यात रोपं लावलीच. ही सुपारी मी नाही बघणार, तू बघ, म्हणाले.

होस्टेलमध्येही संकटं येतात. कुणाचं वर्ष जातं, कुणाच्या घरून वाईट फोन येतो. अशा वेळी त्याला असं का झालं याची चर्चा कट्ट्यावर करण्यापेक्षा त्याच्या खोलीवर जा, चहा घेऊन जा. ज्याने स्वतः असा दिवस काढलाय त्याने तर आधी जावं.