फॅरडे : आयनांचा हिशेबनीस

लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे २२ सप्टेंबर १७९१ रोजी एका लोहाराच्या घरी मायकेल फॅरडे यांचा जन्म झाला. घरच्या गरिबीमुळे शिक्षण लेखन, वाचन आणि अंकगणित यांपुढे गेले नाही. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधणीसाठी आलेल्या ग्रंथांतूनच त्यांनी विज्ञानाचे धडे गिरवले. १८१२ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी त्यांची टिपणे बांधून डेव्हींकडे धाडली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्यांना मदतनिसाची जागा मिळाली.

विजेची मोटार आणि जनित्र यांच्या मुळाशी असलेले त्यांचे १८२१ व १८३१ चे शोध सर्वपरिचित आहेत. विद्युत अपघटनाविषयीच्या त्यांच्या नियमांबद्दल मात्र कमी बोलले जाते. द्रावणातून जितकी वीज वाहावी, त्याच प्रमाणात पदार्थ अग्रांवर मुक्त होतो, हे त्यांनी मोजून सिद्ध केले. विल्यम व्हेवेल यांच्या सल्ल्याने आयन, अॅनोड, कॅथोड हे शब्दही त्यांनीच १८३४ मध्ये रूढ केले.

प्रदूषणाकडेही त्यांचे लक्ष होते. जुलै १८५५ मध्ये थेम्स नदीतून बोटीने जाताना पाण्याचा रंग आणि दुर्गंधी पाहून ते अस्वस्थ झाले. पांढऱ्या कार्डाचे ओले तुकडे त्यांनी पाण्यात सोडले. भर उन्हात ते इंचभर बुडण्याआधीच दिसेनासे झाले. हे निरीक्षण त्यांनी 'टाइम्स'ला पत्राने कळवले आणि दुर्लक्षाचे परिणाम भोगावे लागतील, असा इशारा दिला. तीनच वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अवघड केले. त्यानंतरच लंडनच्या भव्य गटारयोजनेला मंजुरी मिळाली.

सरदारकीची पदवी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारणारे फॅरडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी निवर्तले. त्यांनी नाव दिलेले आयन पुढे नद्यांऐवजी मातीच्या कामी आले. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे रंगाच्या जुन्या कारखान्याच्या जागेतील शिसे व तांबे विजेच्या साहाय्याने काढण्याचा प्रयोग झाला. जमिनीत अग्रे रोवून त्यांतून एकदिश प्रवाह सोडतात. धनाग्राशी पाण्याचे विघटन होऊन आम्ल तयार होते; ते मातीच्या कणांना चिकटलेले धातू सोडवते आणि धातूंचे धन आयन ऋणाग्राकडे सरकतात. तिथे तयार होणाऱ्या अल्कलीमुळे ते पुन्हा साक्याच्या रूपात मातीतच अडकू नयेत, म्हणून त्या अग्राशी आम्ल पुरवावे लागते. धातूयुक्त द्रव नंतर उपसून घेतात. पाणी सहजी न झिरपणाऱ्या चिकणमातीत ही पद्धत विशेष उपयोगी पडते. पण तिला महिनोन्महिने लागतात आणि विजेचा खर्चही मोठा असतो.

शिवाय या साऱ्या खटाटोपात शिशाचा एक कणही नष्ट होत नाही. तो केवळ जागा बदलतो आणि उपसलेल्या द्रवाची सुरक्षित विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उरतेच. १८५५ च्या पत्रातला इशारा म्हणूनच जमिनीलाही तितकाच लागू पडतो.