अचूकतेचा उपासक

इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट या गावी २१ डिसेंबर १८०३ रोजी जोसेफ व्हिटवर्थ यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी जोसेफला एका नातलगाच्या सूतगिरणीत उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. परंतु त्याचे मन हिशेबापेक्षा यंत्रांतच अधिक रमे. पुढे लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली या नामांकित कारागिराच्या हाताखाली त्याने काम केले आणि १८३३ साली मँचेस्टर येथे स्वतःचा कारखाना काढला.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे स्क्रूचे आटे निराळे असत. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या नटात बसत नसे. १८४१ साली व्हिटवर्थ यांनी सर्वांसाठी एकच प्रमाण सुचविले. इंचाच्या दहा लक्षाव्या भागाएवढा फरक दाखविणारे यंत्रही त्यांनी तयार केले.

१८५४ साली सरकारने त्यांना रायफली बनविण्याची यंत्रे तयार करण्यास सांगितले. तेव्हा सैन्यात एनफिल्ड रायफल वापरात होती. १८५७ च्या उठावाच्या इतिहासात आपण ज्या काडतुसांविषयी वाचतो, ती याच रायफलीची. उत्तम नळी व उत्तम गोळी कशी असावी हे आधी प्रयोगाने ठरविल्यावाचून यंत्रे बनविणे व्हिटवर्थ यांना पटेना. म्हणून त्यांच्या घराच्या आवारात ५०० वार लांबीची एक बंदिस्त पडवी सरकारी खर्चाने बांधण्यात आली. आत वाऱ्याचा उपद्रव नव्हता. जागोजाग पातळ कागदाचे पडदे लावून त्यांवरील छिद्रांवरून ते गोळीचा मार्ग तपासत.

गोळीचे वजन एनफिल्डच्या गोळीएवढेच, म्हणजे ५३० ग्रेन (सुमारे ३४ ग्रॅम) ठेवावयाचे होते. व्हिटवर्थ यांनी नळीचा व्यास ०.५७७ इंचावरून ०.४५१ इंचावर आणला. वजन तेच राहून जाडी कमी झाली, तेव्हा गोळी साहजिकच लांब झाली. लांब गोळी हवेत कोलमडू नये म्हणून तिला अधिक वेगाने फिरविणे आवश्यक होते. एनफिल्डच्या नळीत ७८ इंचांत एक फेरा पडे; व्हिटवर्थ यांनी तो २० इंचांत आणला. नळी आतून षट्कोनी केली आणि तीत नेमकी बसेल अशी षट्कोनी गोळी घडविली. १८५७ साली हाइथ येथे दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. ५०० वारांवर एनफिल्डच्या गोळ्या सरासरीने दोन फुटांहून अधिक, तर व्हिटवर्थ यांच्या गोळ्या सुमारे साडेचार इंच इकडेतिकडे पडल्या.

तरीही सैन्याने ही रायफल स्वीकारली नाही. ती महाग होती. शिवाय दारूची काजळी साचून अरुंद नळी लवकर चोंदे. युद्धाच्या धामधुमीत ती वरचेवर पुसणार कोण?

परंतु जो दोष रणांगणावर भारी पडला, त्याला नेमबाजीच्या मैदानावर उपाय होता. तेथे नेमबाजाला निगा राखण्यास सवड असे. तो एकसारख्या वजनाच्या गोळ्या निवडून घेई, प्रत्येक बारासाठी दारू तोलून घेई व ती ओल लागू न देता जपून ठेवी. दारू व गोळी यांच्यामध्ये चरबी लावलेली चकती घाली आणि नळी पुसून स्वच्छ करी. दारूत किंवा गोळीच्या वजनात थोडा जरी फरक पडला, तरी दूरच्या निशाणावर तो अनेक इंचांनी दिसतो, हे त्याला ठाऊक असे.

२ जुलै १८६० रोजी विंबल्डन येथे राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा प्रथमच भरल्या. आरंभाचा बार राणी व्हिक्टोरिया यांच्या हस्ते व्हावयाचा होता. व्हिटवर्थ यांनी आपली रायफल एका लोखंडी आधारावर घट्ट बसवून ४०० वारांवरील निशाणाकडे रोखली होती. सहस्रावधी लोकांसमोर त्यांच्या साऱ्या श्रमांची ती कसोटी होती. राणीने चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. बार झाला आणि गोळी निशाणाच्या मध्यबिंदूपासून अवघ्या सव्वा इंचावर लागली!

पुढे १८७१ साली ब्रिटिश सैन्याने जी मार्टिनी-हेन्री रायफल घेतली, तिच्या नळीचा व्यास ०.४५ इंच होता. अरुंद नळीचा विचार अखेर मान्य झाला.

व्हिटवर्थ यांनी पुष्कळ धन मिळविले. पण केवळ साठवून ठेवले नाही. होतकरू तरुणांना यंत्रविद्या शिकता यावी म्हणून १८६८ साली त्यांनी शिष्यवृत्त्या ठेवल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. निशाण दूर असले, तरी त्याचा वेध जवळच्या लहानसहान गोष्टींतील काटेकोरपणानेच घेता येतो, हे त्यांच्या जीवनावरून आपणांस शिकावयास मिळते.