जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : दमलेल्या जमिनीचा डॉक्टर



वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे हे नाव मराठी घरांत पोहोचलं. पण वर्गात विचारलं, कार्व्हर कोण, तर उत्तर येतं, शेंगदाण्याच्या लोण्याचा शोध लावणारे. हे उत्तर चूक आहे. ते लोणी त्यांच्या आधीही बनत होतं. त्यांचं खरं मोठेपण जमिनीत आहे.

बालपण

जॉर्ज यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात, मोझेस कार्व्हर यांच्या शेतावर झाला. आई गुलाम होती, म्हणून जन्माची तारीखसुद्धा कुणी लिहून ठेवली नाही. तान्हेपणीच लुटारूंनी आईला आणि त्यांना पळवून नेलं. मोझेस यांनी एक घोडा देऊन बाळ परत मिळवलं. आई मात्र पुन्हा कधीच सापडली नाही. कार्व्हर पती-पत्नीने या अशक्त मुलाला वाढवलं, अक्षरओळख करून दिली. तो रानात रमायचा. आजारी रोपं बरी करायचा, म्हणून लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले.

शिक्षणासाठी वणवण

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. त्यामुळे लहान वयातच घर सोडून ते निओशो गावी गेले. पुढे लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून शिकले. एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष रंग पाहून नाकारला. तरीही ते थांबले नाहीत. १८९१ मध्ये आयोवाच्या कृषी महाविद्यालयात ते पहिले काळे विद्यार्थी झाले. १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळाली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातील टस्कीगी संस्थेत शिकवायला गेले. तिथे प्रयोगशाळाच नव्हती! उकिरड्यावरच्या बाटल्या, बरण्या गोळा करून त्यांनी ती उभी केली.

दमलेली जमीन

तिथली जमीन वर्षानुवर्षं कापूस घेऊन थकली होती. शेतकरी बहुतेक वाटेकरी. जमीन दुसऱ्याची, बियाणं उधारीचं, आणि सावकाराला हवा फक्त कापूस. कापूस खाता येत नाही. मग पोटाला काय? मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी. या एकसुरी आहाराने माणसंही आजारी पडत होती. म्हणजे जमीन आणि माणूस, दोघांचीही उपासमार!

कार्व्हर यांनी सुचवलेला उपाय साधा होता : पिकांची फेरपालट. कापूस आणि मका ही खादाड पिकं, जमिनीतला नत्र भराभर ओढून घेतात. चवळी आणि भुईमुगाच्या मुळांवर मात्र बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र मुळांशी आणून देतात. म्हणून एका वर्षी कापूस घेतला, की पुढे चवळी किंवा भुईमूग घ्यायचा. महागडं खत परवडत नसेल, तर पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून घालायचा. आपल्याकडे शेतकरी भुईमुगाचा बेवड चांगला म्हणतात, ते हेच.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी निवडलेली पिकं खाता येणारी होती. चवळी, भुईमूग, आणि जोडीला रताळी. शेत सुधारता सुधारता ताटही भरत होतं. १९१० च्या सुमारास कापसाच्या बोंडांत शिरणारा सोंडकिडा अलाबामात पोहोचला, तेव्हा एकाच पिकावर विसंबणं किती धोक्याचं, हे सगळ्यांनाच कळलं.

शाळाच शेतावर

शेतकऱ्यांना वाचता येत नव्हतं, शाळेत यायला सवड नव्हती. मग १९०६ पासून खेचरांनी ओढायची एक गाडी अवजारं, बियाणं घेऊन गावोगाव फिरू लागली. तिची आखणी कार्व्हर यांनी केली होती. सोप्या भाषेत त्यांनी पुस्तिकाही लिहिल्या. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमूग कसा पिकवावा, हे तर आहेच, शिवाय त्याचे १०५ पदार्थ दिले आहेत. १९२१ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे भुईमुगाबद्दल बोलायला त्यांना १० मिनिटं मिळाली होती. ऐकणारे इतके गुंगले, की वेळ वाढवून दिला.

अर्थात, फेरपालटीने वाटेकऱ्याचं कर्ज फिटलं किंवा जमीन त्याच्या नावावर झाली, असं नाही. तो अन्याय एका शिक्षकाच्या हाताबाहेरचा होता. पण जे हातात होतं, ते त्यांनी ४७ वर्षं केलं. साठवलेले पैसे संशोधनासाठी संस्थेला दिले. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीतच त्यांचं निधन झालं.

मुलांसाठी कृती : हा पाठ नुसता वाचून दाखवू नका. भुईमुगाचं किंवा चवळीचं एक रोप मुळासकट अलगद उपटा, मुळं धुवा, गाठी मुलांना बोटाने चाचपू द्या. शेजारी मक्याचं मूळ ठेवा आणि फरक त्यांनाच शोधू द्या. कार्व्हर यांनी शेतकऱ्यांना असंच दाखवून शिकवलं होतं.