मेरी ॲनिंग

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस या गावी १७९९ मध्ये मेरी ॲनिंग यांचा जन्म झाला. वडील सुतार, कड्यातून मिळणारे जीवाश्म ते प्रवाशांना विकत. १८१० मध्ये ते वारले आणि अकरा वर्षांच्या मेरीला पोटासाठी हेच काम करावे लागले. शाळेचे शिक्षण जेमतेमच होते.

त्या कड्यांत चित्रविचित्र आकारांचे दगड पुष्कळ. त्यांतला जीवाश्म कोणता आणि नुसता दगड कोणता, हे मेरीबाई निरीक्षणाने ओळखू लागल्या. तेथील काही लांबट गोट्यांना लोक बेझोअर दगड म्हणत. इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाच्या सांगाड्यात, नेमके पोटाच्या जागी, असे गोटे आढळतात, हे मेरीबाईंनी हेरले. फोडल्यावर आत माशांची हाडे व खवले निघाले. ती त्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा होती! विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये हे विद्वानांपुढे मांडले.

१८२३ मध्ये मेरीबाईंना सापडलेला प्लेसिओसॉरचा सांगाडा, त्याच्या लांबलचक मानेमुळे, फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांना बनावट वाटला. पुढे त्यांनी आपली चूक मान्य केली. लंडनच्या भूविज्ञान संस्थेत १८२४ मध्ये या सांगाड्यावर निबंध वाचला गेला. त्यात मेरीबाईंचे नावही नव्हते. १८४७ मध्ये त्या निवर्तल्या. त्या संस्थेत स्त्रियांना सभासदत्व मिळाले ते १९१९ मध्ये.