विश्लेषण : जनगणनेच्या कार्डावर वंशासाठी एकच छिद्र! ते मोजणारं यंत्र बनवणारे हर्मन हॉलेरिथ कोण होते?

आई एका वंशाची, वडील दुसऱ्या. मग मुलाच्या नावापुढे जनगणनेत काय लिहायचं? अमेरिकेत या प्रश्नाचं सरकारी उत्तर दर काही दशकांनी बदलत गेलं. एकदा तर रक्ताचा आठवा हिस्सा मोजण्याचा आदेश निघाला होता. ते साल होतं १८९०. आणि त्याच जनगणनेत जगात पहिल्यांदाच अख्ख्या देशाची माणसं विजेवर चालणाऱ्या यंत्राने मोजली गेली. ते यंत्र बनवणारे इंजिनीअर होते हर्मन हॉलेरिथ. आयबीएम कंपनीची मुळं त्यांच्यापर्यंत जातात, हे अनेकांना माहीत असतं. मिश्र वंशाच्या लाखो माणसांची मोजणी त्यांच्या यंत्रातून कशी गेली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

तिकिटावरची भोकं

हॉलेरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात झाला. आई-वडील जर्मनीतून आलेले स्थलांतरित. शाळेत स्पेलिंगचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या स्कूल ऑफ माइन्समधून ते १८७९ मध्ये पदवीधर झाले, वय अवघं १९. त्यांच्या एका प्राध्यापकांकडे १८८० च्या जनगणनेचं काम होतं. त्यांनी हॉलेरिथ यांनाही सोबत घेतलं.

तिथे त्यांनी पाहिलं ते आजच्या भाषेत डेटा एंट्रीचं नरक होतं. कारकून कागदावर उभ्या रेघा मारत माणसं मोजत. एका कामासाठी एकदा मोजायचं, दुसऱ्या कामासाठी तेच कागद पुन्हा काढायचे. १८८० च्या जनगणनेचे सगळे अहवाल पूर्ण व्हायला जवळपास आठ वर्षं गेली. जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे प्रमुख डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी तेव्हा हे काम यंत्राने व्हायला हवं, अशी कल्पना बोलून दाखवली. हॉलेरिथ यांनी ती मनावर घेतली.

दुसरा धागा मिळाला रेल्वेत. त्या काळी तिथले कंडक्टर तिकिटाच्या कडेला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवत. केस फिके की गडद, डोळ्यांचा रंग कोणता, नाक मोठं की लहान. एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून ही युक्ती होती. हॉलेरिथ यांना त्यात मोजणीची किल्ली दिसली. माणसाचं वर्णन भोकांत बसत असेल, तर ती भोकं यंत्राला वाचता येतील. पण कंडक्टर तिकिटावर लिहायचा ते त्याला दिसलेलं वर्णन. प्रवाशाला तो काही विचारत नव्हता. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे.

यंत्र चालायचं कसं?

एका माणसासाठी एक कार्ड. सुमारे साडेसहा इंच लांब, सव्वातीन इंच रुंद. वय, लिंग, जन्मस्थळ, वंश, व्यवसाय अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा. कारकून जनगणनेच्या कागदावरून पाहून त्या जागी भोक पाडायचा. मग कार्ड एका प्रेसमध्ये ठेवून दांडा खाली ओढला की स्प्रिंगवरच्या सुया खाली यायच्या. भोक असेल तिथे सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची, सर्किट पूर्ण व्हायचं आणि समोरच्या डायलचा काटा एक घर पुढे सरकायचा. कार्ड नीट वाचलं गेलं की घंटा वाजायची. घंटा वाजली नाही, तर ते कार्ड बाजूला काढून तपासायचं.

खरी करामत रिलेंची होती. पुरुष, गोरा आणि अमेरिकेत जन्मलेला या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच अमुक डायल हलवायचा, अशी वायरिंग करता यायची. इंजिनीअरिंगला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांनी इथे अँड गेट ओळखलं असेलच. हे पहिलं पेटंट जानेवारी १८८९ मध्ये मिळालं.

त्याच वर्षी जनगणना कार्यालयाने स्पर्धा घेतली. सेंट लुइस शहरातल्या काही भागांचा जुना डेटा तीन पद्धतींनी मोजायचा होता. कागदावरची माहिती तयार करून घेतल्यावर प्रत्यक्ष मोजणीला दोन प्रतिस्पर्ध्यांना अनुक्रमे सुमारे ४४ आणि ५५ तास लागले. हॉलेरिथ यांच्या यंत्राला साडेपाच. कंत्राट कुणाला मिळालं, हे सांगायची गरज नाही.

१८९० : रक्ताचा अपूर्णांक

याच जनगणनेसाठी अमेरिकी काँग्रेसने एक वेगळी मागणी केली होती. म्युलॅटो, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पालकांपासून जन्मलेल्या मिश्र वंशाच्या व्यक्ती, ही नोंद १८५० पासून होतच होती. (हा शब्द आज अपमानास्पद मानला जातो, इथे तो फक्त जुन्या रकान्याचं नाव म्हणून येतो.) तिच्यामागे त्या काळातला एक वंशवादी समज होता, की मिश्र वंशाची माणसं अशक्त असतात, लवकर मरतात. आकड्यांनी तो सिद्ध करायचा होता. आता त्याचे आणखी तुकडे करायचे ठरले.

प्रगणकांना सूचना अशी होती : तीन चतुर्थांश किंवा अधिक कृष्णवर्णीय रक्त असेल तर ब्लॅक. तीन अष्टमांश ते पाच अष्टमांश असेल तर म्युलॅटो. एक चतुर्थांश असेल तर क्वाड्रून. एक अष्टमांश किंवा अगदी अंशमात्र असेल तर ऑक्टरून.

गणित जरा करून पाहा. पाच अष्टमांश आणि तीन चतुर्थांश यांच्या मधे असलेल्या माणसाला रकानाच नाही. एक चतुर्थांश आणि तीन अष्टमांश यांच्या मधल्यालाही नाही. आणि हे मोजायचं कसं? प्रगणक दारात उभा राहणार, चेहरा बघणार, फार तर शेजाऱ्याला विचारणार. चेहऱ्यावरून एक अष्टमांश काढण्याचं कोणतंही साधन तेव्हा नव्हतं, आजही नाही.

प्रगणकाने कागदावर ऑक्टरून लिहिलं की कार्डावर त्या जागी भोक पडायचं. पाऱ्यात सुई बुडायची, घंटा वाजायची. यंत्र आपलं काम चोख करत होतं. अहवालात आकडे छापून आले : ब्लॅक ६३,३७,९८०, म्युलॅटो ९,५६,९८९, क्वाड्रून १,०५,१३५ आणि ऑक्टरून ६९,९३६. शेवटच्या एककापर्यंत अचूक दिसणारे! बेरीज ७४,७०,०४० येते, एकाचाही फरक नाही. पण खुद्द जनगणना कार्यालयानेच या पोटविभागांच्या आकड्यांना फारसा अर्थ नाही, अशी कबुली दिली. १९०० च्या जनगणनेत हे सगळे रकाने गायब झाले.

दोष यंत्राचा होता का?

माझ्या मते नाही, निदान पूर्ण नाही. मोबाइलवर फॉर्म भरताना दोन प्रकारचे पर्याय दिसतात. गोल बटण असेल तर एकच निवडता येतं. चौकोन असेल तर हवे तितके टिक करता येतात. हॉलेरिथ यांच्या कार्डावर एकाच माणसासाठी वंशाची दोन भोकं पाडणं भौतिकदृष्ट्या अशक्य नव्हतं. यंत्राने दोन्ही डायल पुढे सरकवले असते. पण मग वंशांची बेरीज लोकसंख्येपेक्षा जास्त भरली असती आणि ते कार्यालयाला चालणारं नव्हतं. वंश म्हणजे गोल बटण, हे सरकारने आधीच ठरवलं होतं. मिश्र माणसासाठी आणखी एक गोल बटण वाढवायचं किंवा काढून टाकायचं, एवढंच प्रत्येक वेळी होत राहिलं.

हॉलेरिथ यांनी वंशाच्या या वर्गवारीवर आक्षेप घेतला किंवा तिचं समर्थन केलं, असं त्यांच्या चरित्रातून पुढे येत नाही. त्यांचं लक्ष यंत्राकडे आणि धंद्याकडे होतं. १८९० मध्ये कोलंबियाने त्यांना याच कामासाठी डॉक्टरेट दिली, त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. कॅनडा, ऑस्ट्रिया आणि १८९७ मध्ये रशियाच्या जनगणनेतही त्यांची यंत्रं पोहोचली. यंत्रं ते विकत नसत, भाड्याने देत. १८९६ मध्ये त्यांनी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. भाड्याच्या दरांवरून जनगणना विभागाशी त्यांचं बिनसलं आणि १९१० साठी विभागाने स्वतःची यंत्रं बनवून घेतली. १९११ मध्ये हॉलेरिथ यांनी कंपनी विकली. त्यांच्या वाट्याला सुमारे १२ लाख डॉलर आले. दुसऱ्या कंपन्यांत विलीन होऊन तिचं नाव १९२४ मध्ये आयबीएम झालं.

इकडे १९१० मध्ये म्युलॅटो रकाना परत आला होता. आकडा आला सुमारे २० लाख ५० हजार. १९२० मध्ये तो १६ लाख ६० हजारांवर घसरला. दहा वर्षांत चार लाख माणसं गेली कुठे? कुठेही नाही. १९१० मध्ये कृष्णवर्णीय प्रगणक जास्त होते, हे त्यामागचं एक कारण विभागानेच दिलं. बघणारा बदलला की माणसाचा वंश बदलत होता.

१८९० चे मूळ कागद आज तपासायचे म्हटलं तरी शक्य नाही. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. त्यात आणि आग विझवायच्या पाण्यात बरेचसे कागद गेले, उरलेले पुढे सरकारनेच नष्ट केले. त्या ६९,९३६ ऑक्टरूनांची नावं आता जवळजवळ कुणाचीच मिळत नाहीत.

१९३० : एक थेंब पुरे

हॉलेरिथ यांनी शेवटची वर्षं मेरीलँडमध्ये गायी पाळण्यात घालवली. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. पाचच महिन्यांनी सुरू झालेल्या जनगणनेत मिश्र वंश हा रकानाच नव्हता. कृष्णवर्णीय रक्ताचा कितीही छोटा अंश असला, तरी नोंद निग्रो अशीच करायची होती.

भारतीयांसाठी याच यादीत एक मजेशीर रकाना होता. १९२०, १९३० आणि १९४० मध्ये हिंदू हा धर्म नव्हे, वंश म्हणून छापलेला होता. शीख असो, मुस्लिम असो, नोंद हिंदू. कॅलिफोर्नियात तेव्हा अनेक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली होती. १९३० मध्ये मेक्सिकन हाही वेगळा वंश धरला गेला. नियम असा, की गोरे नसलेल्या दोन वंशांचं मूल सहसा वडिलांच्या वंशात धरायचं. म्हणजे शीख वडील आणि कॅथलिक आईचं मूल सरकारी कागदावर हिंदू! पुढे १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत मोजलं गेलं आणि १९८० मध्ये एशियन इंडियन हा स्वतंत्र पर्याय मिळाला.

गोल बटणाचा चौकोन कधी झाला?

१९६० पासून फॉर्म टपालाने घरी जाऊ लागले आणि वंश ठरवण्याचं काम हळूहळू प्रगणकाकडून माणसाकडे आलं. पण पर्याय एकच निवडायचा, ही अट कायम होती. मिश्र कुटुंबांनी १९९० च्या दशकात जोरदार मागणी केली आणि २००० मध्ये पहिल्यांदा एकाहून अधिक वंशांवर खूण करायला परवानगी मिळाली. त्या वर्षी ६८ लाख लोकांनी तसं केलं. वंशाचे सहा मूळ गट, म्हणजे एकूण ६३ शक्यता. (दोनाचा सहावा घात वजा एक. हॉलेरिथ यांच्या डायलवर हे बसवणं अवघड गेलं असतं.)

२०१० मध्ये हा आकडा ९० लाख होता. २०२० मध्ये तो थेट ३ कोटी ३८ लाखांवर गेला. दहा वर्षांत जवळपास पावणेचार पट. मिश्र लग्नं वाढली, हे खरं. पण या उडीमागे मोजणीची पद्धतही आहे. पूर्वी लोकांनी हाताने लिहिलेल्या उत्तरातली पहिली ३० अक्षरंच घेतली जात. २०२० मध्ये २०० अक्षरं घेतली गेली आणि त्यातून जास्त वंश-कोड काढले गेले. व्हाइटवर खूण करून खाली एखाद्या लॅटिन अमेरिकी देशाचं मूळ लिहिलं, की व्हाइट अधिक इतर वंश, म्हणजे मिश्र, अशी गणना होऊ शकत होती. त्या व्यक्तीने स्वतःला मिश्र म्हटलेलं असो वा नसो. म्हणूनच ही वाढ खरी किती आणि कोडिंगची किती, यावर तिथल्या अभ्यासकांमध्ये वाद आहे.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने नियम पुन्हा बदलले. वंश आणि हिस्पॅनिक मूळ यांचे दोन वेगळे प्रश्न एकत्र करायचे, मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा नवा गट द्यायचा आणि लागू पडतील तेवढे सगळे पर्याय निवडायला सांगायचं, असं त्यात ठरलं. देशाची पुढची जनगणना २०३० मध्ये आहे.