बॅ. खोबरागडे आणि जबरानजोतीचा प्रश्न

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर सिरोंचा, चामोर्शी, ब्रह्मपुरीकडची माणसे येतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब इथे धम्मदीक्षा देण्यासाठी आले ते बॅ. राजाभाऊ खोबरागडे यांच्या पुढाकाराने, हे बहुतेकांना ठाऊक असते. दीक्षा सोहळ्याचे आयोजक आणि राज्यसभेचे उपसभापती, एवढ्या दोन ओळींत आपण राजाभाऊंना बसवून टाकले आहे. भाषणे ठोकणाऱ्यांनाही तिसरी ओळ आठवत नाही.

२५ सप्टेंबर १९२५ चा त्यांचा जन्म. देवाजीबापूंच्या सधन घरातला हा मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला. तेव्हाचा चांदा जिल्हा ब्रह्मपुरीपासून थेट सिरोंचापर्यंत पसरलेला होता. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. दीक्षेनंतर पंधरवड्यात, १ नोव्हेंबरला, चांदा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. नवे राज्य, नवा धम्म आणि डोक्यावर छत्र नाही, अशा वेळी ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. सरचिटणीसपदाची जबाबदारी राजाभाऊंकडे आली.

पहिला पेच कायद्याचा होता. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने फक्त हिंदूंना अनुसूचित जातीचे मानले. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. बौद्ध झालेला माणूस कागदोपत्री अनुसूचित जातीतून बाहेर फेकला गेला, गावकुसाबाहेरचे घर मात्र होते तिथेच राहिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ मात्र बंदच होते. १९५८ पासून राजाभाऊंनी हा प्रश्न राज्यसभेत लावून धरला.

दुसरा प्रश्न जमिनीचा. एप्रिल १९६४ ते एप्रिल १९६६ ही दोन वर्षे ते सभागृहाबाहेर होते. याच काळात, ६ डिसेंबर १९६४ पासून, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. सभागृहात मागणी आणि रस्त्यावर रेटा, ही पक्षाची रणनीती राजाभाऊ दोन्ही बाजूंनी जगले.

१९६९ च्या डिसेंबरात ते उपसभापती झाले आणि एप्रिल १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले. समाजाला अभिमान वाटला, वाटायलाच हवा होता. पण पीठासीन अधिकाऱ्याला वादात उतरता येत नाही, हेही खरे. शिवाय काँग्रेसच्या किती जवळ जायचे या वादात पक्षाची शकले झाली तेव्हा एका शकलाला त्यांचेच नाव लागले: खोबरागडे गट. त्याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे अन्याय होईल. त्यांना त्यातून पूर्ण मोकळे सोडणेही मला जमत नाही. इतका हिशेबी माणूस आपलेच घर सांधू शकला नाही.

१९७८ मध्ये ते तिसऱ्यांदा राज्यसभेत गेले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला राज्य सरकारने ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे यालाच जबरानजोत म्हणतात. अंमलबजावणी रखडली आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राच्या मंजुरीशिवाय एक पाऊल टाकता येईना. २ एप्रिल १९८४ ला राजाभाऊंची मुदत संपली आणि ९ एप्रिलला ते गेले. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० साली मिळाला.

जमिनीचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरतो. बिगर आदिवासींना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथले रहिवासी आणि वनावर अवलंबून असल्याचे सिद्ध करावे लागते. जंगलपट्ट्यातला बौद्ध शेतकरी या दुसऱ्या रांगेत उभा आहे. म्हणजे १९३० चा पुरावा. राजाभाऊ तेव्हा पाच वर्षांचे होते. त्या काळी या माणसाच्या आजाच्या नावाने कोणता कागद निघत होता, हे दावा फेटाळणाऱ्याने एकदा सांगावे.